मधले दिवस

२ फेब्रुवारी
वस्तीवर

दीपिका,

तुझा फोन लागत नव्हता. मला वाटलं रेंज नसेल. तुझ्या मैत्रिणीला, मंजुषाला विचारलं तर ती म्हणाली, "रेंज हाय, तुझाच नंबर तिनं बंद केलाय." म्हणून कागद. गंगाखेडला पोस्टात पाकीट मागितलं, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "नोकरीचा अर्ज का?" मी म्हणालो, "बायकोला." त्यानं पाकीट दिलं आणि मान खाली घातली.

संक्रांत झाली आणि तू गेलीस. परवा तुझ्या काकांचा, दिनकररावांचा, आबांना फोन आला. "पोरगी नांदायची न्हाई म्हणती. फारकतीचं बघा." आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते मेंढ्यांकडं निघून गेले. मी फोन भिंतीवर मारला नाही. नुसता हातात धरून उभा राहिलो. राग आला नाही. माझं तुला माहीत आहे. प्रिन्सिपलनं माफी लिहून दे म्हटल्यावर मी सेकंड इयरचं दफ्तर त्यांच्याच टेबलावर ठेवून आलो होतो. तुझ्याबद्दल घाण बोलणाऱ्या पोराला मारलं होतं, त्याची माफी. तर तो मी. आणि आता फारकत हा शब्द ऐकून मला भूक लागली. भाकर खाल्ली. चव काही कळली नाही.

मी काय वाईट बोललो ते मला अजून कळत नाही. सगुणाकाकू ओट्यावर बसून आईला सांगत होती की महिन्यातून दोनदा बाहेर बसणाऱ्या बाईच्या पोटी मूल राहत नाही. "माझी भाची बघा वयनी, अंगानं दणकट हाय." मी बैलाला पाणी दाखवत होतो. मी ऐकून घ्यायचं होतं का? मी तुझ्याच बाजूनं बोललो. म्हणालो, तिला काही आजार नाही, ती खोटं बसते. एवढंच.

त्या एवढ्यावर तू बॅग भरलीस.

पडवीला पत्र्याखाली तुझी सतरंजी, तुझं वेगळं ताट, तांब्या अजून तसंच आहे. आई त्याला हात लावत नाही. विटाळाचं म्हणून नाही, कारण आता तिला माहीत आहे की निम्म्या वेळा विटाळ नव्हताच. तरी लावत नाही.

उत्तर दे. शिव्या दिल्या तरी चालतील.

अमृत


९ फेब्रुवारी

दीपिका,

मंजुषा म्हणाली पत्र पोचलं, तू वाचलंस आणि घडी घालून ठेवलंस. ठीक.

तिथं पूर्णेत तू सगळ्यांना काय सांगितलंस मला माहीत नाही. पण आपल्या दोघांचं ठरलं होतं, हे तरी सांग. मामांना, तुझ्या वडिलांना, आठवण करून दे. लग्नाच्या वेळी त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मला खुर्चीवर बसवून म्हणाले, "मी जन्मभर रुळावर हातोडा मारला. पोरगी पोलीस भरती देणार. तवर पाळणा हलवू नका." मी हो म्हणालो. तेव्हा त्यांनी रूळ गिळायला सांगितला असता तरी हो म्हणालो असतो.

मग आपण काय काय केलं. परभणीहून आणलेलं पाकीट मी ज्वारीच्या पोत्यामागं लपवलं. आईनं झाडताना ते बाहेर आलं आणि शेळीच्या करडानं तोंडात धरलं. आई त्याच्या दातांतून ओढून विचारत होती, "अमृत, हे फुगे कुनाचे?" आबा बाजेवरून म्हणाले, "असतील त्याच्या भाच्याचे." मला बहीण नाही. तू चुलीत तोंड घालून इतकी फुंकर मारलीस की राख आबांच्या चहात पडली. त्यानंतर ते पाकीट घरात आणायची माझी हिंमत झाली नाही, आणि पोखर्णीत घ्यावं तर मेडिकल काकूच्या जावयाचं.

गोळ्या तुला सोसल्या नाहीत. पळताना ढवळायचं. मी म्हणालो, मी सांभाळतो. तू मंजुषाला फोनवर सांगितलंस, आणि ती परभणीच्या नर्सिंग हॉस्टेलवरून इतक्या मोठ्यानं बोलली की मला ऐकू आलं. "त्याच्या भरवशावर भरती द्यायलीस का? त्याला एस.टी.ची लाइन सांभाळता येत न्हाई."

मग तू मला विहिरीवर घेऊन गेलीस. तुराटीच्या काडीनं मातीत एक लांब रेघ ओढलीस. एका टोकाला पाळी, दुसऱ्या टोकाला पुढची पाळी, आणि मधे काडी टेकवून म्हणालीस, "हे मधले दिवस. बीज तवा सुटतं. हे सोडायचे."

मी म्हणालो, "मेंढ्यांचं सगळं मला माहीत हाय."

"मी मेंढी हाय का?"

मग तू ते सांगितलंस, जे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. की त्या दिवसांत अंगावरचं पाणी अंड्यातल्या पांढऱ्यासारखं होतं, बोटात ताणलं तरी तुटत नाही. ते गेलं, कोरडं झालं, की त्यावर अजून थोडं थांबायचं. मी विहिरीत बघत होतो. तू म्हणालीस, "हिकडं बघ. लाज मला वाटायला पायजे." आणि हेही म्हणालीस की कॅलेंडरवर गोल करून भागत नाही. पळणं जास्त झालं, झोप कमी झाली, की सगळं पुढं सरकतं. "म्हणून मी सांगीन तवा. तू मोजायचं न्हाई."

"तू सांगशील तवा," मी म्हणालो.

ते पाळायला दोन खोल्या लागतात. आपली एक. पहिल्याच महिन्यात तू नको म्हणालीस आणि मी भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी तुझ्याशी बोललो नाही. नंतर ताट ढकललं. आईला वाटलं वरणात मीठ जास्त झालं, तिनं तुझ्यासमोर स्वतःलाच बोल लावला. मग तूच दमून माझ्याकडं वळलीस. मला वाटलं मी जिंकलो.

पुढं पाळी लांबली तेव्हा तू मोकळ्या रानात पळत होतीस, फेऱ्यांवर फेऱ्या, ओकारी येईपर्यंत. मी बांधावर बसून होतो. नंतर एका सकाळी तू नुसतं "आली" म्हणालीस. हसली नाहीस. बादली उचललीस आणि म्हणालीस, "आता मधल्या दिवसांतबी मी बाहेरच बसणार. आत्याबाईला सांगीन, आलीय. मग तू जवळ येऊ शकायचा न्हाईस. तुझी आईच येऊ द्यायची न्हाई."

मी हसलो. पण हो म्हणालो. हे सगळं त्यांना सांग.

अमृत


१६ फेब्रुवारी

दीपिका,

इथं घरात कुणी कुणाशी बोलत नाही. आई ताट सरकवते, मी जेवतो. आबा बोलतात, पण मेंढ्यांशी. काल एका लहान मेंढीला म्हणत होते, "तू तरी शिक गं बाई, आमच्याचं राहिलं." मी तिथंच उभा होतो.

मला एक गोष्ट आठवत राहते. आठवते म्हणजे समोर येऊन बसते, मला काही होत नाही. तू पत्र्याखाली पुस्तक घेऊन बसायचीस, खऱ्या दिवसांत आणि खोट्या दिवसांतही, आणि आई हातभर लांबून ताट ठेवायची. "वाच बाई. पन वाऱ्याला बसू नको." तुझं पाणी ती भरायची, तुझ्या वाटणीच्या भाकरी ती थापायची. तू मला एकदा म्हणालीस, "मला लय वाईट वाटायलंय रे." मी म्हणालो, "वाचायला मिळतंय ना." तुला वाचायला मिळत होतं. ते खरंच होतं.

आईला वाटलं तुझ्या अंगात रक्त राहत नाही. बीट आणलं. शेंगदाण्या-गुळाचे लाडू केले. नरसिंहाला नवस बोलली आणि ज्या शनिवारी तुला घेऊन पोखर्णीला जायचं ठरलं, त्या शनिवारी तू पत्र्याखाली. ती एकटी अनवाणी जाऊन आली. मग आबांनी बोकड कापला. आईनं काळीज आख्खं तुला दिलं, मला नळ्या. तू खाली बघून खात होतीस. ती समोर बसून तुझा एकेक घास बघत होती.

मग गंगाखेडचा दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी मशीनवर बघितलं आणि म्हणाल्या, पिशवी चांगली आहे. आईनं विचारलं, "मग दोनदा कसं?" बाईंनी टॉनिक लिहून दिलं. घरी आलो, तर ओट्यावर सगुणाकाकू.

पहिल्या पत्रात मी अर्धं लिहिलं. पुढचं अर्धं तू ऐकलंच आहेस, तू दोरीवरचे कपडे काढत होतीस. पण मला ते एकदा माझ्या हातानं लिहायचं आहे. मी म्हणालो, "तिला काही झालेलं न्हाई. मला जवळ येऊ द्यायचं न्हाई म्हणून ती खोटं बसती."

ओट्यावर बायका होत्या. कुणीतरी हसलं. काकू असेल. आई हसली नाही. ती दारातून तुझ्याकडं बघत राहिली, आणि मग म्हणाली, "मग काळीज कशाला खाल्लंस गं?"

तू ओला टॉवेलसुद्धा घडी घालून बॅगेत ठेवलास.

मी तिथं असं म्हणू शकलो असतो की आमचं दोघांचं ठरलंय. तेवढेच शब्द लागले असते. पण मग लोक म्हणाले असते, एवढा तालमीत जाणारा गडी, आणि बायको सांगती तेव्हाच. ते माझ्या डोक्यात आधी आलं. तुझं नंतर आलं. मागच्या पत्रात मी तुला सांगत होतो, हे त्यांना सांग, ते त्यांना सांग. पाकीट चिकटवल्यावर लक्षात आलं, सांगायचं मलाच होतं. फाडावंसं वाटलं नाही. टाकून आलो.

दिनकररावांनी रविवारी बैठक ठेवली आहे. आम्ही येतोय.

अमृत


२४ फेब्रुवारी

दीपिका,

तू आतल्या खोलीत होतीस, पडदा हलत होता. तुला ऐकू आलं असेल, पण दिसलं नसेल. म्हणून लिहितो.

एस.टी.त काकू माझ्या शेजारी बसली होती. "फसवलं म्हण. मला काई ठाऊक नव्हतं म्हण. मोकळा होशील." आई पुढच्या सीटवर होती, तिला सगळं ऐकू येत होतं. ती खिडकीबाहेर बघत होती. परभणी आलं, गेलं. मी ठरवलं होतं असं नाही. मी काहीच ठरवलं नव्हतं.

क्वार्टरमध्ये मामांनी सतरंजी टाकली होती. एक मालगाडी जाईपर्यंत कुणीच बोललं नाही, कारण बोलून उपयोग नव्हता. ती लांब होती. मग दिनकरराव म्हणाले, "जावईबापू, एकच इचारतो. पोरीनं तुमाला फसवलं का?"

मी म्हणालो, "न्हाई."

"मग तुमी वट्यावर म्हणलाव ते?"

"ते मी खोटं म्हणलो. आमचं दोघांचं ठरलं होतं. मूल आता नको, भरती झाल्यावर. मधले दिवस सोडायचे ठरले. तिनं पाळलं. मला थांबता येत नव्हतं, रुसायचो, म्हणून ती बाहेर बसायची. मला ठाऊक होतं. मी हो म्हणलो होतो."

काकूनं पदर तोंडाला लावला. तुझे वडील भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. आबा माझ्याकडं झुकून हळूच म्हणाले, "असलं बी बैठकीत सांगायचं असतंय व्हय रे?" मग त्यांनाच काय वाटलं, म्हणाले, "आता सांगितलंस तर ऱ्हाऊ दे."

मी आईकडं बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं. तिला तेव्हाच कळलं ना, की फसवणारे दोघं होते.

मग तू बाहेर आलीस. ट्रॅक पँट, बूट हातात, ग्राउंडवरून आलेली. तू वाळलीस. मला काहीतरी व्हायला पाहिजे होतं. तू उभ्या उभ्या बोललीस.

"नांदायला यायचं का न्हाई ते मी लेखी परीक्षा झाल्यावर सांगीन. पन आले तरी मी बाहेर बसणार न्हाई. खऱ्या दिवसांतबी न्हाई."

आई पहिल्यांदा बोलली. "मग मला कळायचं कसं?"

"तुमाला कळून काय करायचंय, आत्याबाई?"

तू उद्धट बोलली नाहीस. तू खरंच विचारलंस. आई नुसते ओठ हलवत राहिली. दिनकररावांनी घसा खाकरला आणि म्हणाले, फारकतीचं राहू द्या, परीक्षा होऊ द्या. चहा आला. तू प्यायली नाहीस, मी प्यायलो.

माझ्याकडं तू बघितलं नाहीस. मी ते मागत नाही.

अमृत


२ मार्च

दीपिका,

हे पत्र आईचं आहे, मी नुसता लिहितोय. म्हणजे तिनं सांगितलं नाही लिही म्हणून. पण तुला माहीत असावं.

बैठकीनंतर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मग एका सकाळी भाकरी थापताना, पाठ माझ्याकडं करून तिनं विचारलं, "मधले दिवस म्हंजी कोणते?"

मी तुझ्यासारखी रेघ ओढली, चुलीपुढच्या राखेत. एका टोकाला पाळी, दुसऱ्या टोकाला पाळी. मधे बोट ठेवलं. ती मागं वळून बघत राहिली. तव्यावरची भाकर करपली.

"न्हाऊन आल्यावर न्हाई?"

"न्हाई. आल्या आल्या लगेच न्हाई. नंतर."

"आमाला तर न्हाल्यावरच सांगितलं होतं. न्हाऊन घरात आलं की लगीच राहतंय म्हणायचे. तुझ्यावर मला अजून पोर नको व्हतं. म्हणून मी न्हाले की तुझ्या बापाला मेंढरामागं लावून द्यायचे. जा म्हणायचे, रानात मेंढरं बसवा, घरी येऊ नका. आन मग..." ती थांबली. तिनं करपलेली भाकर काढली, उलटी केली, परत तव्यावर टाकली. "मग निरोप द्यायचे, या म्हणून. आता काही भ्या न्हाई म्हणून."

मी राखेकडं बघत होतो. तिनं नेमकं कुठं बोलावलं होतं ते रेघेवर दिसत होतं.

"तुझ्या पाठीवर तीन झाले," ती म्हणाली. "एक बी हाताला लागला न्हाई. मी म्हणायचे, एवढं सांभाळून कसं ऱ्हातंय. लोक म्हणायचे देवाचं देणं. मी गप बसायचे. कुणाला सांगू, की मी नवऱ्याला मेंढरामागं धाडते म्हणून?"

मला त्या तिघांचं माहीत होतं. बांधावर तीन दगड आहेत, आबा तिथं नांगर फिरवत नाहीत. पण हे माहीत नव्हतं.

मग ती म्हणाली, "तिला कुणी सांगितलं?"

"मंजुषानं. तिच्या मैत्रिणीनं."

"बरी मैत्रीण हाय."

मी उठायला लागल्यावर ती म्हणाली, "येऊ दे तिला. न्हाई बसली तर न्हाई बसली. पन देवापाशी जाताना त्या दिवसांत तेवढं नको जाऊ दे. तेवढं तिला सांग."

मी म्हणालो, "तू सांग. मी आता तुमच्या दोघींच्या मधे बोलणार न्हाई."

ती म्हणाली, "आता शहाणा झाला." आणि मग, "तिनं काळीज टाकून दिलं असतं तर मला जास्त लागलं असतं."

हे मला समजलं नाही. तुला समजेल म्हणून लिहिलं.

अमृत


१२ मार्च
रानातून

दीपिका,

मी मेंढ्यांबरोबर आलो आहे. गंगाखेडच्या अलीकडं ऊस तुटून रिकामं झालेलं एक रान आहे. मालकाला खत पाहिजे, आपल्याला चारा. दिवसभर चारायच्या आणि अंधार पडायच्या आत जाळी लावून त्याच्या शेतात बसवायच्या, रोज थोडी जागा सरकवायची. तुला माहीत आहे मला याची लाज वाटायची. कॉलेजात मी सांगितलं होतं, वडील शेती करतात. आबा माझ्या हातात काठी देऊन म्हणाले, "कालेज सोडलं तवाच यायचं. एवढ्यात दोन वर्गं पास झाला असतास." मग जाळीचे खुंटे मारून दाखवले आणि स्वतः घरी गेले. त्यांचे गुडघे दुखतात.

मी का आलो ते ऐक. आई जे करत होती ते बरोबर होतं, दिवस चुकीचे होते. घर एका खोलीचंच राहणार. तू बाहेर बसणार नाहीस. मग दोघांपैकी कुणीतरी बाहेर पाहिजे, आणि तो मी का नाही? मधले दिवस आले की मी मेंढ्यांबरोबर जायचं. यात खोटं बोलावं लागत नाही. मेंढ्यांना राखण लागतेच. हे मी आईला सरळ सांगितलं, चुलीपुढं, आबांच्या देखत. आबांनी विडी विझवली आणि परत पेटवली.

तू घरी नाहीस. पूर्णेत आहेस. कदाचित येणारही नाहीस. तेव्हा मी इथं कुणापासून लांब झोपतोय, असं तू म्हणशील. खरं आहे. पण मला बघायचं होतं मला जमतं का. तू असताना रुसून भिंतीकडं तोंड करायचो, त्याला थांबणं म्हणत नाहीत. इथं भिंत नाही. मला राग येत नाही, तुझी आठवण येते तीसुद्धा दुरून येते, दुसऱ्या कुणाला यावी तशी. हे बरं की वाईट कळत नाही. मेंढ्या रवंथ करतात, त्यांच्या अंगाची ऊब येते. मी झोपतो. उठतो. जाळी सरकवतो.

निघताना आईनं भाकरी बांधून दिल्या आणि विचारलं, "परत कधी?"

मी म्हणालो, "दीपिकाला ठाऊक."

"ती तर पूर्णेत."

"व्हय."

तिनं फडकं सोडलं आणि अजून दोन भाकरी घातल्या.

आणि हेच मला विचारायचं आहे. तू सांगितलं होतंस, मी मोजायचं नाही. तू ग्राउंडवर पळतेस, तुझं पुढं सरकत असेल, मागं येत असेल, ते फक्त तुला कळतं. मी इथं बसून कितीही बोटं मोडली तरी चुकणार. नांदायला ये असं मी म्हणत नाही. परीक्षा दे. नंतर तुला फारकत घ्यायची असली तरी दिनकररावांना मी सही देईन, तालुक्याला यायला सांगितलं तरी येईन. पण तोपर्यंत मला एवढं एकच तुझ्याकडून पाहिजे. मी घरी कधी जायचं, ते तू सांग. मंजुषाकडं निरोप दिलास तरी चालेल. तू सांगेपर्यंत मी इथंच आहे.

अमृत


१९ मार्च

दीपिका,

तुझा मेसेज आला. मी पाणी पाजत होतो. स्क्रीनवर तुझं नाव बघून आधी वाटलं जुनाच मेसेज वर आला.

"आज नको."

एवढंच होतं. मी परत वाचलं. माझा नंबर परत चालू केलास हे कळलं, तरी मी फोन केला नाही. काय लिहावं तेही सुचलं नाही. म्हणून हे पत्र. तुला पोचेपर्यंत कदाचित तो आजचा दिवस गेलेला असेल.

आईला कळवलं की मी एवढ्यात येत नाही. तिनं विचारलं, "तिनं सांगितलं का?" मी म्हणालो, "व्हय." फोनमध्ये चुलीचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मग ऱ्हा."

जाळी उपसली आहे. मेंढ्या पुढच्या वावरात बसवतोय.

अमृत